माझ्या पायातला जोर

परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि वास आला. कापून पसरलेल्या, रात्रभर दवात भिजलेल्या धानाच्या कडपांवर ऊन पडलं की सुटतो तो वास. ओलसर, गोडूस, थोडा गवताचा, थोडा पेजेचा. दिवाळी उरकली, आमच्या दिघोरीच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पिवळ्या झाल्या, बोडीचं, आमच्या लहान तळ्याचं, पाणी खाली उतरून काठाला चिखलाची पट्टी दिसायला लागली, म्हणजे आता मंडईचे, गावोगावच्या जत्रेचे दिवस. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. घरोघरी लेकी येणार, तांदळाचे आयते, म्हणजे घावन होणार, दंडारीच्या खेळाची ढोलकी दुपारभर वाजणार. लेकी आल्या म्हणजे जवाई आले. आणि जवाई आले की आमच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलंच म्हणून समजा.

बॉनेट उघडल्यावर पुरुषांचं काय होतं ते एकदा नीट बघा. मी बरीच वर्षं बघते आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. गुळाच्या ढेपेवर माश्या बसाव्यात तसे ते चहूबाजूंनी जमतात. रस्त्याने जाणारा सायकल लावून येतो. एकजण हात मागे बांधून वाकतो आणि 'हं' म्हणतो. दुसरा एखादी वायर हलवून पाहतो. तिसरा रेडिएटरच्या झाकणावर टिचकी मारतो, जसं काय ते कलिंगडच आहे. त्यातल्या कोणालाही काही कळत नसतं. आपल्याला कळत नाही हे प्रत्येकाला पक्कं माहीत असतं, आणि शेजारच्यालाही कळत नाही हेसुद्धा. पण म्हणून कोणी तिथून हलेल? नावच नको. आणि बॉनेटचा तो खडखडाट झाला की पाठोपाठ हाक येते, "वयनी, चहा मांडा जी!"

ही हाक माझ्या दिराची, देवराम भाऊजींची. शेजारीच राहतात, ट्रॅक्टर चालवतात, आणि ट्रॅक्टर चालवतात म्हणून जगातल्या सगळ्या इंजिनांचे आपण मामा लागतो असं त्यांना वाटतं. हाक आली की मी आत जायचं, आधण ठेवायचं, आलं ठेचायचं, कप मोजायचे. चहा होईपर्यंत बॉनेट बंद झालेलं असायचं आणि निकाल लागलेला असायचा. गाडी माझी. चालवणार मी. पण तिच्या पोटात काय आहे हे बघायच्या वेळी मी नेहमी चुलीपाशी.

गाडी तशी जुनी आहे. पांढरी, लहानशी, कार्बोरेटरवाली. आजकालच्या मेकॅनिकांच्या पोरवयातल्या शिष्यांनी कार्बोरेटर पाहिलेलाही नसतो. माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या बाबांनी ती दुसऱ्याकडून घेतली, तेव्हा अश्विनी शाळेत जात होती. दुकानासाठी घेतली होती. आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप, पंपांचे पाईप, नोझल, वायसर. हे सगळं पवनीहून, भंडाऱ्याहून आणायला गाडी हवी. गाडी आली त्याच उन्हाळ्यात ते मला बोडीत घेऊन गेले. उन्हाळ्यात बोडी कोरडी पडते, तळाच्या मातीला हातभर भेगा पडतात, आणि एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत धडकायला काही नसतं. तिथे मी गाडी शिकले. काठावर बाया, पोरं, म्हातारे, सगळं गाव तमाशाला यावं तसं बसलेलं. ते मात्र शेजारी शांत बसून शेंगा खात होते. त्यांनी मला एक सवय लावली. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि मग चाबी फिरवायची. इंजिन सुरू झालं की पायाखालचा ब्रेक आपोआप थोडा खाली जातो, उकडलेल्या बटाट्यावर अंगठा दाबल्यासारखा. "पाय खाली गेला की समजायचं, गाडी तुया बाजूनं हाये," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर दुकान मी चालवते आणि गाडीही. रोज सकाळी पाय दाबते, चाबी फिरवते, पाय खाली जातो. देवापुढे दिवा लावते तसंच ते झालं होतं, खरं सांगायचं तर दिव्यापेक्षा जास्त नेमाने.

आमच्याकडे गाडी चालवणारी पन्नाशीपुढची बाई म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? पहिली दोन वर्षं कौतुक होतं. नंतर सवय झाली. आणि सवय झाल्यावर सगळे एका गोष्टीची वाट बघायला लागले, मी कधी ठोकते याची. मी काही ठोकली नाही. त्यांची निराशा झाली, पण आशा त्यांनी सोडली नाही.

आता उंदराबद्दल. दोन वर्षांमागे मंडईच्या दिवसांत देवराम भाऊजींनी नवीन तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग माझ्या गाडीला लागून रचला. "दोन दिवसाची गोष्ट हाये वयनी," म्हणाले, आणि दोन आठवडे ठेवला. तणस म्हणजे उंदरांची धर्मशाळा. रात्री थंडी पडायला लागली होती, इंजिन उबदार, आणि उंदीर काही मूर्ख नसतात. त्या बाबतीत ते आमच्या घरच्यांपेक्षा बरे. मंडईच्या सकाळी गाडी सुरू केली तर ती नुसती खोकायला लागली. जवाई आलेलेच होते.

जवाईबुवांचं नाव सुधीर. नागपूरला कसल्याशा कंपनीत हिशेब तपासतात. सकाळी व्यायामाला जातात, दंडाला टी-शर्ट घट्ट बसतो, आणि तो दंड दिसेल अशा बेताने ते हात बांधून उभे राहतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, बटण दाबून सुरू होणारी. मंडईला येताना ती आणत नाहीत, खेड्यातल्या रस्त्यांवर तिला ओरखडे येतात म्हणून. इथे येऊन माझी चालवतात. माझ्या गाडीला ओरखड्यांचं भय नाही.

तर त्या सकाळी बॉनेट उघडलं, माश्या जमल्या, हाक आली आणि मी चहाला गेले. चहा घेऊन आले तर जवाईबुवा रुमालाला हात पुसत होते आणि देवराम भाऊजी त्यांच्याकडे असे बघत होते, की आता आरतीच ओवाळतात. "उंदरानं पाईप खाल्ला होता, मामी. बसवला दुसरा. झाली दुरुस्त." गाडी खरंच सुरू झाली. गावभर झालं, जवायानं पाच मिनिटांत गाडी दुरुस्त केली, मेकॅनिक लागला नाही. मंडईत लोक त्यांना पान खाऊ घालत होते. मीही म्हणाले, छान झालं. कुठला पाईप, कुठून आणला, हे मी विचारलं नाही. जवायाला असे प्रश्न विचारत नसतात. जवाई म्हणजे मंडईच्या दिवसांतला देव. देवाला नैवेद्य दाखवायचा, पावती मागायची नाही.

आणि मग ते वर्ष. हळूहळू, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा चालीने गाडी बिघडत गेली. आधी उन्हाळ्यात. लांब जाऊन आले, इंजिन तापलं, की चौकात थांबल्यावर गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या जागी हळू चालत, टिकायची नाही. खाली-वर, खाली-वर, दमेकऱ्याच्या छातीसारखी, आणि मग बंद. पुढे पावसाळ्यात ब्रेक दाबला की बंद पडायला लागली. त्याच सुमाराला ब्रेक कडक झाला. दगडावर पाय ठेवल्यासारखा. लागायचा, पण पूर्ण अंग रेटलं तर. आणि सकाळी चाबी फिरवल्यावर पाय खाली जाईना. मी दाबून धरायची, इंजिन सुरू व्हायचं, पाय जिथल्या तिथे. दिवा लावावा आणि वात पेटूच नये, तसं वाटायचं.

मी सांगत होते. सगळ्यांना सांगत होते. लाखांदूरच्या गॅरेजवाल्याला म्हणाले, स्लो आणि ब्रेक दोन्ही एकदमच बिघडलं हो, दोन्हींचं काहीतरी एकच असेल. त्याने माझ्याकडे न बघता, सोबत आलेल्या देवराम भाऊजींकडे बघून उत्तर दिलं, "कार्बोरेटर धुवावा लागते." धुतला. ब्रेकचं म्हणाल तर, तो म्हणे, ब्रेकवाल्याला दाखवा. ब्रेकवाल्याने लायनर बदलले, तेल बदललं, आणि स्लोचं विचारलं तर म्हणाला, ते कार्बोरेटरवाल्याचं काम. एकाने गाडीचं डोकं पाहिलं, दुसऱ्याने पाय. मधलं धड कोणाचंच नव्हतं. दोघांनीही बिल मात्र अख्ख्या गाडीचं केलं.

गेल्या वर्षीची मंडई आली तोवर गाडीची ही दशा झाली होती, आणि आसगावची मंडई चार दिवसांवर होती. आसगाव माझं माहेर. लग्नानंतर बरीच वर्षं मी तिथल्या मंडईला कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून गेले. बैलगाडीत, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. गाडी शिकल्यापासून दर वर्षी स्वतः चालवत जाते. तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून उतरून, शाळेपुढून वळून, भावाच्या दारात गाडी लावते. हॉर्न वाजवत नाही. वाजवावा लागत नाही. वर्षातून एकदा एवढी मिजास मी करते, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती.

जवाईबुवांनी आल्याच दिवशी गाडीचा फेरा मारला. थंड गाडी, अंगणापासून नाक्यापर्यंत. परत येऊन बॉनेट उघडलं. हाक आली. पण या वेळी चहा ठेवून मी खिडकीशी उभी राहिले, म्हणून निकाल माझ्या कानांनी ऐकला.

"गाडीत काही नाही काकाजी," जवाईबुवा म्हणाले. "मामींच्या पायातच जोर नाही राहिला. ब्रेक दाबायले पूर्ण पाय लावते, मंग क्लच विसरते, मंग गाडी बंद पडते."

"मी तं कवाचा म्हणून राहिलो," देवराम भाऊजी म्हणाले. ते कधीच काही म्हणून राहिले नव्हते. "उमर झाली ना जी आता. बाईमाणूस हाये. उद्या कोणाले उडवलं तं?"

"इकून टाका. नाही तं निदान चाबी काढून घ्या."

"आपण कसे काढून घेऊ? तुम्ही जवाई हा, तुमाले नाही म्हणत नाहीत त्या."

आधण उतू गेलं तरी मी तिथेच उभी. त्या दोघांनी गाडीचे दोन्ही आजार बरोबर ओळखले होते, फक्त ते माझ्या अंगात घातले होते. गाडी बंद पडते, म्हणून माझं डोकं ठिकाणावर नाही. ब्रेक कडक आहे, म्हणून माझा पाय लुळा. मोठे हुशार.

जवाईबुवांनी मग स्लो वाढवून दिला. एक स्क्रू पिळला. आता गाडी बंद पडत नव्हती, खरं आहे. उभ्या जागी अशी गुरगुरत होती, की दावं तोडून पळणारा गोऱ्हा बरा. "बघा मामी, झाली की नाही?" म्हणाले, आणि हसत हसत चाबी स्वतःच्या खिशात घातली. "आसगावले मीच नेतो तुमाले. तुम्ही आता आराम करा." अश्विनी नागपूरहून येताना गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली घेऊन आली होती. म्हणजे निकाल नागपूरलाच लागला होता. इथे फक्त वाचून दाखवला. "आई, रोज रात्री लाव, फरक पडते," ती म्हणाली. माझीच लेक, जिला मी याच गाडीतून तापात पवनीच्या दवाखान्यात नेलं होतं.

"चाबी द्या" असं मी म्हणाले नाही. जवायाच्या खिशातली वस्तू सासूने मागायची नसते. असल्या रीती ज्यांनी केल्या, त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या.

पण खरं दुःख ते नाही. ते सांगते. त्या चार दिवसांत मला ते पटायला लागलं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी खुर्चीवर बसायची आणि भिंतीशी ठेवलेल्या युरियाच्या गोणीवर उजवा पाय रेटून बघायची. गोणी सरकली की वाटायचं, आहे जोर. मग वाटायचं, गोणीच सैल असेल. जिना चढताना पायाकडे लक्ष जायचं. रात्री झोपताना पाय उगाच दुखतो आहे असं वाटायचं. जगात काहीही बिघडलं की ते बाईच्या अंगातच बिघडलंय असं चार लोकांनी चार वेळा म्हटलं, की बाई स्वतःच्या अंगाकडे संशयाने बघायला लागते. आपलाच पाय आपल्याला परका वाटणं याची मला आजही चीड येते. त्या दोघांच्या मूर्खपणाची येते त्याहून जास्त.

आसगावच्या मंडईचा दिवस उजाडला. ऊन कोवळं, हवेत धुराचा आणि धानाचा वास. जवाईबुवा स्टिअरिंगवर, शेजारी देवराम भाऊजी, मागे मी आणि अश्विनी. माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले. तिथून रस्ता दिसत नाही, पुढच्यांच्या माना दिसतात. दोन्ही बाजूंनी बांध्या सरकत होत्या. कुठे कडपा पसरलेल्या, कुठे धानाचे पुंजने रचलेले, कुठे कापणीच्या ओलीत लाखोरी डाळीची कोवळी रोपं उगवून आलेली. जवाईबुवा आरशात भांग बघत होते. गाडी सारखी पुढे ढकलत होती, ते मला सीटच्या तळातून कळत होतं. वाढवलेला स्लो तिला थांबू देत नव्हता. मी म्हणाले, "गाडी तापली की ब्रेक लागत नाही. जरा जपून."

"मामी," ते आरशातून हसले, "जोर लागते थोडा. आपल्यात हाये."

आसगावच्या अलीकडे तलावाची पाळ लागते. रस्ता पाळीवर चढतो आणि पलीकडे वळण घेत उतरतो. उतारावर लोकांनी धान वाळत घातलं होतं, आणि मंडईला निघालेल्या बायांचा घोळका बाजूने चालला होता. जवाईबुवांनी ब्रेक मारला. मागून मला त्यांची मांडी दिसली, पँट टरारली होती. खांदा उचलला, दात आवळले, ओठातून "अरे, अरे" निघालं. गाडी थांबेना. व्यायामाचा एवढा मोठा पाय, आणि गाडी आपली धानावरून सरळ खाली. बाया किंचाळून बांधीत उतरल्या. देवराम भाऊजींनी देवाचं नाव घेतलं. वळणावर कोणीतरी रचलेला तणसाचा ढीग होता, गाडी त्यात नाकापर्यंत शिरली आणि खोकून बंद पडली.

सगळे धड होते. तणस काचेवरून घरंगळत होतं. जवाईबुवा म्हणाले, "लोक रस्त्यावर धान टाकतात. चाक घसरलं." मी म्हणाले, "की पायात जोर राहिला नाही?" अश्विनीने माझा दंड धरला. बांधीतल्या बायांनी ऐकलं होतं, त्यांच्यातली एक तोंडाला पदर लावून हसली.

गाडी मागे ढकलली. बॉनेट उघडलं. वाटेने जाणारे थांबले, माश्या जमल्या, एकाने हात मागे बांधले, एकाने 'हं' म्हटलं. देवराम भाऊजींनी सवयीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडही उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. पाळीवर चूल नव्हती. चहा कुठे मांडणार? मी घोळक्यातून वाट काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघड्या बॉनेटपुढे उभी राहिले.

आत गरम वाफ, तेलाचा वास, तणसाच्या काड्या. आणि इंजिनाच्या मागे, ब्रेकच्या त्या काळ्या गोल डब्याकडे जाणारा एक पाईप. त्याला कोणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. उष्णतेने डिंक वितळून ती सुटून लोंबत होती, आणि आतून पिवळा रंग दिसत होता. पिवळा, त्यावर लाल रेघ.

तो पाईप मी मिटरवर विकते. फवारणीच्या पंपाचा. रोज माझ्याच हाताने कापून देते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की उन्हात टाकू नका, दोन हंगामांत कडक होऊन तडकतो. तो औषध बाहेर ढकलायला केलेला असतो. इंजिनाने आत हवा ओढायची आणि त्या ओढीवर ब्रेकला हलकं करायचं, हे काम त्याच्या बापजन्मात नाही. तापून तो आधी मऊ होऊन चपटला, मग कडक होऊन तडकला, आणि इंजिनाकडच्या टोकाशी बांधायच्या तारेने बांधला होता तो सैल होऊन हलत होता. मी गाडी सुरू करायला सांगितली. जवाईबुवांनी केली. पाईपच्या तोंडाशी सूं सूं हवा आत जात होती, इंजिन खाली-वर होत होतं. मी पाईप उपटला आणि इंजिनाकडच्या भोकावर अंगठा दाबला.

इंजिन सरळ चालायला लागलं. अंगठा काढला, खोकलं. दाबला, शांत. घोळक्यातल्या सगळ्यांनी एकदम 'अरे' म्हटलं. 'हं'नंतर त्यांच्याकडे तेवढाच एक शब्द शिल्लक होता.

"हा पाईप कोणाच्या दुकानातला?" मी विचारलं.

"तुमच्याच ना जी," देवराम भाऊजी अभिमानाने म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "मागच्या मंडईले जवायानं बसवला. तुम्ही चहा करून राहिल्या होत्या, मी मागच्या दारानं दुकानातून कापून आणला."

"आणि चिकटपट्टी?"

"ते साजरं दिसते म्हणून," जवाईबुवा हळूच म्हणाले.

साजरं दिसते म्हणून. वर्षभर दोन मेकॅनिकांच्या नजरेतून तो पाईप सुटला, कारण जवाईबुवांनी त्याला नवरदेवासारखा सजवला होता. वर्षभर मी चौकाचौकात बंद पडले, आणि गेले चार दिवस गोण्यांवर पाय रेटले, तेलाच्या बाटलीकडे बघत झोपले. मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी हात पुढे केला.

"चाबी."

"मामी, ब्रेकचं काय..."

"ब्रेक लागते. जोर लावला तं लागते," मी म्हणाले. "चाबी."

एका माणसाने कोयत्याने लाकडाची खुंटी करून दिली. तिला गुंडाळायला फडकं हवं होतं, तर जवाईबुवांचा मंडईसाठी इस्त्री केलेला रुमाल कामी आला. भोक घट्ट बंद केलं. स्लोचा स्क्रू होता तसा फिरवून द्यायला लावला, ज्याने पिळला त्याच्याकडूनच. मग दोघांना सांगितलं, "उतार आहे, गाडी हलकी बरी. तुम्ही चालत या." आणि अश्विनीला शेजारी बसवून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. बोडीत शिकवलेलं सगळं पायात होतं. आधी गिअरने आवरायची, मग पाय. पाय रेटला की ब्रेक लागत होता, दगडासारखा, पण लागत होता. युरियाची गोणी सैल नव्हती तर.

शाळेपुढून वळले. दंडारीची ढोलकी वाजत होती, जिलेबीची कढई उकळत होती, तलावातले मासे घेऊन बसलेल्या बायांनी पाय आवरून वाट दिली. भावाच्या दारात गाडी लावली. तो बाहेर आला आणि बॉनेटवरचं तणस पाहून म्हणाला, "हे काय वं बाई?" मी म्हणाले, "जवाई मागून येऊन राहिले. पाणी ठेव त्यांच्या पायावर घालायले. चालून आले बिचारे."

भंडाऱ्याहून नीट काळा, जाड पाईप आणून बसवला त्याला आता वर्ष होईल. काम सोपं होतं, पाईपही काही महाग नव्हता. तेव्हापासून ना स्लोची तक्रार, ना ब्रेकची. पाईप खराब होता, हे गावाने मान्य केलं. तेही असं, की जणू पाईप आपोआप उगवला होता. माझ्या पायाबद्दलचा निकाल मात्र कोणी मागे घेतला नाही. तशी पद्धतच नाही. आमच्याकडे निकाल लागतात, फिरत नाहीत.

काल संध्याकाळी अश्विनी आणि जवाईबुवा आले. आज सकाळी आसगावला निघायचं होतं. मी अंगणात गाडी पुसत होते, दारं उघडी टाकून. जवाईबुवा हात बांधून उभे राहिले, दंड दिसेल असे, आणि देवराम भाऊजींना म्हणाले, "काकाजी, मामी आता एकदम मस्त चालवते म्हणे गाडी. पायाले आराम पडलेला दिसते."

"पडला ना जी," देवराम भाऊजी म्हणाले. "मालिश केली असंन."

अश्विनीचा चेहरा उजळला. "आई, त्या तेलानं फरक पडला ना? मी म्हणलं नव्हतं?"

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार हलवून दाखवलं. पूर्वी ते किती करकरायचं. आता आवाज नाही. बाटली संपत आली आहे, चारही दारांना पुरली, डिकीला थोडं लागेल.

"खूप फरक पडला," मी म्हणाले. "दुसरी बाटली आण."

मग मी आत बसले, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि चाबी फिरवली. पाय खाली गेला. जवाईबुवा पुढचं दार उघडत होते, त्यांना मागे बसायला सांगितलं.